जुन्या मोटारसायकलींची बांधणी व भटकंती (नाशिक)

जुनी मोटारसायकल पूर्ण उघडून पुन्हा बांधणे आणि तिच्यावरून आडवाटांनी मुक्कामी प्रवास करणे, असा हा दुहेरी छंद. नाशिकला तो सोयीचा पडतो. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर हात बसलेले कारागीर शहरातच मिळतात आणि पेठ रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सावळघाट येतो.

गाड्या : मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली एन्फिल्ड बुलेट (३४६ घनसेंमी.), म्हैसूरच्या आयडियल जावाच्या जावा व येझदी (उत्पादन १९६१ ते १९९६), एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्या मुख्यतः दिसतात. आरएक्सला या पंगतीत बसवावे की नाही, यावर वाद आहे. चालवायला ती सगळ्यांत सोपी, हे मात्र विरोधकही मान्य करतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. जावाचा गिअरचा दांडाच आत दाबून मागे फिरवला की किक होतो. सवय नसलेला माणूस पहिल्या चौकातच गांगरतो.

बांधणी : प्रदर्शनासाठी बांधलेली गाडी आणि प्रवासासाठी बांधलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेटिंग, बफिंग आणि टाकीवरचे पट्टे यांवर पैसा जातो आणि जुने वायरिंग तसेच राहते, ही नेहमीची तऱ्हा. भटकंतीच्या गाडीत क्रम उलटा हवा : आधी बोअर-पिस्टन, क्रँकचे बेअरिंग, चाकांचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर व केबली, रंग शेवटी. सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर नेणे अस्सलपणाच्या आग्रह्यांना खटकते, पण काळोखात घाट उतरणाऱ्याला दिव्याच्या जादा उजेडासाठी ते पटते. पॉइंटमधली (ठिणगीची वेळ साधणाऱ्या, उघडझाप करणाऱ्या संपर्कातली) फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. ठेवतात. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे पॉइंटच्या झाकणात ओल शिरली की गाडी खोकू लागते. मग झाकण काढून पॉइंट कोरड्या फडक्याने पुसून घेतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल ओढते, जुने रबरी भागही त्याने खराब होतात. म्हणून बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व कार्बोरेटर रिकामे केलेले बरे.

घाटातले चालवणे : ज्या टू-स्ट्रोक गाड्यांत (पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत इंजिनाचे चक्र पुरे होणाऱ्या, जावा-राजदूतसारख्या) ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यांना लांब उतार चढापेक्षा अवघड. अ‍ॅक्सिलरेटर बंद, इंजिन मात्र वेगाने फिरतेय, अशा वेळी पेट्रोल कमी जाते आणि त्याबरोबर ऑइलही. पिस्टन जाम होतो तो अशानेच. म्हणून सावळघाट उतरताना जाणकार अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडून इंजिनला ऑइल पाजतात. इंजिनचा ब्रेकही (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाने वेग आवरणे) अशा गाड्यांत जेमतेमच, त्यामुळे सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो, आणि तापलेला ड्रम धरत नाही.

वाटा व मुक्काम : पेठ-हरसूल-त्र्यंबक, घोटी-बारी-भंडारदरा आणि वणी-अभोणा-हातगडमार्गे बागलाणात साल्हेर-मुल्हेरकडे जाणाऱ्या वाटा चांगल्या. तासाला चाळीसच्या वेगात जुनी बुलेट सुखी असते, आणि या रस्त्यांवर तेवढा वेग पुरतो. तंबू शेताच्या बांधाकडेला ठोकायचा तर मालकाला विचारून; गावात शाळेची पडवी किंवा देवळाची ओवरी हवी असल्यास सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घालून. भंडारदऱ्याचा भोवताल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याचे नियम लागू.

कागदपत्रे : पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेंपुरतेच रस्त्यावर आणता येते. भटक्याच्या ती कामाची नाही. त्याने पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नेहमीचे नूतनीकरणच करावे. भंगारातून गाडी उचलण्याआधी इंजिन व चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावेत. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी ती सुट्या भागांसाठीच घ्यावी.