कोश्ता, कारोल
(३ मे १९९०– ). पोर्तुगीज फुटबॉलपटू, लिस्बनचा बेन्फिका क्लब आणि राष्ट्रीय महिला संघ यांची मध्यवर्ती बचावपटू. जन्म उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा येथे. राष्ट्रीय संघाकडून ती दीडशेहून अधिक सामने खेळली आहे.

तिच्या पिढीच्या वाटचालीमागे देशांतर्गत स्पर्धेचा खंडित इतिहास आहे. पोर्तुगालच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८१ मध्ये ल मां येथे फ्रान्सशी झाला व तो ०-० असा बरोबरीत सुटला. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा आरंभ मात्र काही संकलक १९८५-८६ पासून धरतात, तर काही १९९३-९४ पासून. आधीची स्पर्धा बाद पद्धतीशी जवळची असल्याने तिला साखळी म्हणणे काटेकोर ठरत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास बोआविश्ता या क्लबची बहुतेक विजेतेपदे मोजणीबाहेर जातात, ही त्यातील अडचण. पुढे सिंत्राच्या प्रिमेरो द देझेंब्रो या क्लबने २००१-०२ ते २०११-१२ अशी सलग ११ विजेतेपदे मिळवली. २०१६-१७ मध्ये स्पोर्टिंग व ब्रागा हे मोठे क्लब लीगमध्ये उतरले, तोवर अनेक खेळाडूंनी परदेशची वाट धरली होती.

कोश्ताही त्यांतलीच. ती जर्मनीत, क्लोपेनबुर्गसह इतर क्लबांकडून, काही वर्षे खेळली. नंतर स्पोर्टिंगकडे आली व तेथून बेन्फिकाकडे गेली. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या बेन्फिकाच्या महिला संघाने २०२०-२१ ते २०२४-२५ अशी सलग पाच वेळा लीग जिंकली. या यशात कोश्ता आणि सिल्व्हिया रेबेलो या अनुभवी बचाव जोडीचे श्रेय आघाडीच्या खेळाडूंइतकेच मानले पाहिजे.

बचावपटू असूनही पेनल्टी घेण्याची जबाबदारी तिच्याकडे राहिली, हे तिचे वैशिष्ट्य. २०२२ च्या युरो (युरोपीय अजिंक्यपद) स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्धच्या २-३ अशा पराभवात तिने पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर स्वीडनशी झालेल्या ०-५ च्या सामन्यात एक स्वयंगोलही (आपल्याच जाळ्यात गेलेला गोल) तिच्या नावे लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वचषक पात्रतेच्या बाद फेरीत आइसलँडला ४-१ असे हरवताना तिने पुन्हा पेनल्टी साधली. एवढ्याने प्रवेश मात्र निश्चित झाला नाही. या युरोपीय बाद फेरीतील विजेत्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला इतर खंडांतील संघांशी आंतरखंडीय फेरी खेळावी लागे, आणि तो वाटा पोर्तुगालच्या पदरी आला.

२२ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे कॅमेरूनशी निर्णायक सामना झाला. दियाना गोमेशच्या गोलामुळे पोर्तुगाल पुढे होते; ८९ व्या मिनिटाला कॅमेरूनने बरोबरी साधली. भरपाई वेळेत चेंडू हाताला लागल्याचे व्हिडिओ तपासणीत ठरून पेनल्टी मिळाली. ९० अधिक ४ व्या मिनिटाला कोश्ताने ती जाळ्यात धाडली आणि पोर्तुगाल प्रथमच महिला विश्वचषकाला पात्र ठरले. तिच्या कारकिर्दीतील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण ठरतो.

विश्वचषकात पोर्तुगालने नेदरलँड्सकडून ०-१ हार पत्करली, व्हिएतनामला २-० हरवले आणि ऑकलंड येथे गतविजेत्या अमेरिकेला ०-० रोखले. त्या सामन्याच्या अखेरीस पोर्तुगालच्या आना कापेताचा फटका खांबाला लागून परतला. संघ गटातच बाद झाला, पण तीन सामन्यांत त्याच्यावर एकच गोल झाला होता.