'तुंबाड'चे पुस्तक मागवण्यापूर्वी
भयकथा व रहस्यकथांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स. न. वि. वि.

'तुंबाड' हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा लागला. तेव्हापासून "तुंबाडचे मूळ पुस्तक पाठवा" ही मागणी आमच्याकडे सतत येत असते. मागणी करणारे ग्राहक आमच्या यादीत श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी पाहतात, पैसे भरून मोकळे होतात आणि आठवड्याभरात "यात हस्तर कुठे आहे?" अशी चिठ्ठी घालून दोन्ही खंड परत पाठवतात.

हस्तर, म्हणजे चित्रपटातला राक्षस, त्यात नाही. १९८७ साली प्रकाशित झालेली ही कादंबरी जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या अनेक पिढ्यांची कहाणी आहे. चित्रपटाने पेंडशांकडून गावाचे नाव तेवढे घेतले, कथा घेतली नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना चित्रपटाचे बीज मिळाले ते भयकथाकार नारायण धारप यांच्या कथेत, जी बर्वे यांनी मित्राच्या तोंडून ऐकली होती. चित्रपटाच्या सुरुवातीला लहान मुलगा आणि साखळदंडांत बांधलेली म्हातारी यांचा जो भाग आहे, त्याचे नाते धारपांच्या 'आजी' या कथेशी आहे, आणि ती कथाही स्टीफन किंग यांच्या एका कथेवर बेतलेली आहे. पुढचा, सोन्याच्या नाण्यांचा भाग त्या कथेत शोधू नये. थोडक्यात, संपूर्ण चित्रपट ज्यात सापडेल असे एकच पुस्तक नाही, आणि तसे आहे असे सांगून कोणी विकत असेल तर आधी त्याची अनुक्रमणिका मागवून पाहावी.

या गैरसमजामुळे ग्राहकांचा जाण्यायेण्याचा टपालखर्च वाया जातो, आमचा वेळ जातो आणि जाड खंडांचे कोपरे प्रवासात दुमडतात ते वेगळेच. म्हणून मागणीत 'तुंबाड' हा शब्द असला की आम्ही फोन केल्याशिवाय पार्सल बांधत नाही. त्यात एखादा दिवस जास्त लागतो आणि काही ग्राहकांना ही उलटतपासणी वाटते, याची आम्हाला कल्पना आहे. पण परत आलेले पार्सल उघडण्यापेक्षा दोन मिनिटांचे बोलणे दोघांनाही स्वस्त पडते. फोनवर खात्री करून पाठवलेली प्रत, ती सदोष नसेल तर, परत घेतली जात नाही.

मागणी कशी लिहावी, याबद्दल एक विनंती आहे. धारपांच्या किंवा गूढकथाकार रत्नाकर मतकरी यांच्या बाबतीत वाचकांच्या लक्षात राहते ती कथा, आणि पुस्तकावर नाव असते ते संग्रहाचे. त्यामुळे कथेचे नाव आठवत असेल तर "ही कथा आहे, पुस्तक नव्हे" असे स्पष्ट लिहावे; नाव आठवत नसेल तर कथेत काय घडते ते दोन ओळींत कळवावे. संग्रह हाताशी घेऊन, अनुक्रमणिका पाहून आम्ही उत्तर देतो, आणि या चौकशीचे पैसे घेत नाही.

रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या पुस्तकांच्या जुन्या प्रती आमच्याकडे रद्दीवाल्यापेक्षा महाग का, असेही विचारले जाते. या छोट्या पुस्तकांची मधली पिन गंजते आणि सर्वांत आधी शेवटची पाने सुटतात. खुनी कोण हे ज्या पानावर कळायचे तेच पान नसलेली रहस्यकथा कितीही स्वस्त मिळाली तरी काय कामाची? आम्ही प्रत्येक प्रतीची पाने शेवटपर्यंत मोजतो, पिन काढून दोऱ्याने शिवतो आणि मगच किंमत लिहितो. वाचनालयाचे शिक्के मात्र पुसत नाही. पुसताना कागद फाटतो.

मुलांसाठी मागवत असल्यास वय कळवावे. अर्नाळकर बाराव्या-तेराव्या वर्षापासून चालतात. मतकरींचा 'खेकडा' हा कथासंग्रह थोडा उशिरा द्यावा.

'तुंबाडचे खोत' चुकून मागवलेल्या काही ग्राहकांनी ती परत न करता वाचून काढली आणि नंतर पेंडशांची आणखी पुस्तके आमच्याकडूनच नेली. तीही आमच्याकडे आहेत. धारपांचे कथासंग्रह, 'लुचाई' ही कादंबरी आणि मतकरींच्या गूढकथा एकत्र मागवल्यास टपालखर्च एकाच पार्सलचा लागतो. सध्या उपलब्ध असलेल्या प्रतींची यादी मागणीसोबत विचारल्यास लगेच पाठवली जाईल.