चालकाचा थकवा व रस्ते अपघात

अपुरी झोप, तासन्‌तास सलग चालवणे, अवेळी काम किंवा झोपेचा एखादा विकार यांमुळे चालकाची सावधता उतरते आणि त्यातून अपघात घडतात. थकवा म्हटला की स्टिअरिंगवर लागलेला डोळाच आठवतो; धोका मात्र त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेला असतो. आरशात पाहणे कमी होते, ब्रेकवर पाय जायला उशीर लागतो, गाडी हळूहळू लेनबाहेर सरकते आणि झटक्याने आत घेतली जाते. मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले हे आठवत नाही. पापण्या जड होतात त्या यानंतर.

झोपेमागे दोन गोष्टी असतात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. दुसरे म्हणजे शरीराचे दैनिक घड्याळ. ते मध्यरात्रीनंतर साधारण २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत सावधता खाली आणते. दिवसभर गाडी भरून रात्री निघालेल्या ट्रकचालकाला पहाटे दोन्ही एकदम गाठतात. मग काही सेकंदांची सूक्ष्म निद्रा येते. तीत डोळे उघडे असू शकतात, पण समोरचे दृश्य मेंदूपर्यंत पोचत नाही. ताशी १२० किमी वेगाने धावणारी मोटार तीन सेकंदांत १०० मीटर जाते, आणि झोपलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे बहुधा जाणवतही नाही. ‘मला कळतं, झोप आली की मी थांबतो’ या नेहमीच्या खात्रीवर म्हणूनच फार विसंबता येत नाही.

सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्यासारखी खालावते, असे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रयोगांत दिसले. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. भारतातील कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे ५ला उठून, दिवसभर लग्नघरात राबून रात्री १०ला गावी परतायला निघालेला माणूस या हिशेबाने मर्यादेच्या पलीकडे असतो. नाक्यावर त्याच्या तोंडाशी धरलेले यंत्र मात्र शून्य दाखवते.

मद्य रक्तात सापडते, वेग घसरणीच्या खुणांवरून काढता येतो. थकवा मोजायची चाचणी नाही. शिवाय धडकेच्या धक्क्याने चालक खडबडून जागा होतो, त्यामुळे पोलीस पोचतात तेव्हा समोर टक्क जागा माणूस असतो. म्हणून तपास आडवळणाने करावा लागतो. हॉर्न आणि रेनर या ब्रिटिश संशोधकांनी १९९५मध्ये त्यासाठी निकष वापरले : गाडी रस्त्याबाहेर गेली किंवा पुढच्या वाहनावर मागून आदळली, हवा स्वच्छ होती, यांत्रिक बिघाड नव्हता, चालक प्यायलेला नव्हता, अडथळा काही सेकंद आधीपासून समोर दिसत होता, आणि तरीही रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी. या कसोटीवर नैर्ऋत्य इंग्लंडच्या मुख्य रस्त्यांवरचे सुमारे १६ टक्के आणि मिडलंड्समधील मोटारवेवरचे २० टक्क्यांहून अधिक अपघात झोपेशी जोडले गेले. अमेरिकेत पोलिसी नोंदींवरून हे प्रमाण एक-दोन टक्केच दिसे. २०१८मध्ये चालकांच्या चेहऱ्यांचे कॅमेऱ्यातील चित्रण तपासले गेले, तेव्हा ते साडेनऊ टक्क्यांच्या घरात निघाले.

भारतात तर थकव्याला स्वतःचा रकानाच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे आणि मोबाइल वापरणे यांची वेगळी मोजणी होते, उरलेले ‘इतर’. २०२२मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली. त्यांतील बहुतेकांच्या नावापुढे अतिवेग हे कारण आहे. झोपेत ॲक्सिलरेटरवर पाय तसाच राहिला, तर तोही अतिवेगातच जमा होतो.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गामुळे. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला. सरळसोट काँक्रीट, ना चौक ना गाव, ना समोरून येणारी गाडी. आणि सुरुवातीला थांबायला चहाची टपरीही नाही. अशा एकसुरी रस्त्यावर चालक पुरता झोपलेला नसतो, पण जागाही नसतो. याला महामार्ग-संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या पाहणीत तशा खुणा सापडल्या नाहीत. डुलकीची शंका घेतली गेली, पण इथेही ती शंकेपलीकडे सिद्ध होणे अवघडच.

झोप उडवण्याचे ट्रकवाल्यांचे उपाय ठरलेले : काच खाली करणे, मोठ्याने गाणी, तोंडात तंबाखू, ढाब्यावर तोंडावर पाण्याचे हबके. गार वारा व रेडिओ यांचा परिणाम अल्पकाळच टिकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. कॉफी ॲडेनोसिनचा परिणाम अडवते. तिचा गुण यायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात गाडी बाजूला लावून पंधरा मिनिटे पडणे, ही जोडी सर्वांत कामाची ठरली. रस्त्याच्या कडेला कोरलेल्या खडखडाटी पट्ट्यांनीही रस्ता सोडून जाणारी वाहने कमी होतात. घोरण्यासोबत श्वास अडकण्याचा विकार असलेल्या चालकाला मात्र यांतले काहीच पुरत नाही. त्याला उपचारच लागतात.

पण मूळ प्रश्न कामाच्या तासांचा आहे. फेरीवर पैसे मिळत असतील आणि मालक माल कधी पोचेल हे विचारायला फोन करत असेल, तर ‘विश्रांती घ्या’ या फलकाचा उपयोग मर्यादितच. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते. अवजड वाहनातील टॅकोग्राफ हे यंत्र चालकाच्या कार्डावर प्रत्येक मिनिट नोंदवते, आणि रस्त्यावरचा तपासनीस ते कार्ड वाचू शकतो. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१मध्ये ट्रकचालकांसाठी ठरावीक तास आणि झोप ओळखणारे सेन्सर यांचा आग्रह धरला. भारतात नव्या प्रवासी बसना २०१९पासून स्थानदर्शक यंत्र सक्तीचे झाले. त्यावरून बस कुठे होती ते कळते. त्या वेळी ती कोण चालवत होते आणि तो किती तासांपासून जागा होता, याची नोंद त्यात नसते.