रेल्वेची ‘भेट’ आणि ५ टक्क्यांची हमी

‘काही म्हणा, रेल्वे तर इंग्रजांनीच दिली ना!’ हे हमखास ऐकू येतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे गाडी धावली, हे खरंच. पण सरकारने रेल्वे कंपनीशी केलेला १८४९चा करार बघा. भांडवल लंडनच्या भागधारकांचं, जमीन सरकारकडून ९९ वर्षं फुकट, वर भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी. गाडीच्या कमाईतून तेवढं निघालं नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. त्या तिजोरीतला मोठा हिस्सा शेतसाऱ्याचा.

खरी मेख पुढेच आहे. जेवढा खर्च जास्त, तेवढं व्याज जास्त. मग काटकसर करतो कोण? मैलाला ८,००० पौंडांचा अंदाज होता, खर्च १८,०००च्या आसपास गेला. एवढं करून खंडाळ्याच्या घाटातला एक दगडी पूल १८६७ साली कोसळला तो कोसळलाच. रूळ, इंजिनं बहुतेक इंग्लंडहून. मालभाडंही असं, की वऱ्हाडचा कापूस बंदराकडे स्वस्तात जावा आणि मँचेस्टरचं कापड स्वस्तात आत यावं. हमीचा बोजा सरकारलाच झेपेना, तेव्हा १८६९पासून त्याने स्वतः रूळ टाकायला घेतले.