रताळं बटाट्यासारखं लावू नका

दर पावसाळ्याच्या शेवटी कोणी ना कोणी मला कुंडीचा फोटो पाठवतं. वेल कठड्यावरून खाली लोंबतोय, पानं हिरवीगार, आणि सोबत प्रश्न: "चार महिने झाले, उकरून पाहिलं तर नुसत्या मुळ्या. काय चुकलं?" मी विचारते, लावलं काय होतं? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. घरातल्या रताळ्याला कोंब फुटले होते, त्याचे दोन तुकडे करून बटाट्यासारखे पुरले. पुढे सगळं बटाट्यासारखंच केलं: भरपूर शेणखत, रोज पाणी, झाड वाढेल तशी मातीची भर.

ज्यांनी बटाटा लावलाय त्यांच्याकडूनच ही चूक जास्त होते. उपासाच्या थाळीत दोघे शेजारी बसतात आणि आपण दोघांनाही "कंदमुळं" म्हणतो. नावांनी तर आणखी घोळ घातलाय. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेत "बटाटा" म्हणजे रताळं. तो शब्द युरोपात गेला, तिथे दुसऱ्याच पिकाला चिकटला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. शास्त्रीय नावात मात्र तो अजून मूळ मालकाकडेच आहे: रताळं म्हणजे आयपोमिया बटाटास, बटाटा म्हणजे सोलॅनम ट्यूबरोसम. एक निशोत्तर आणि मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातला वेल, दुसरा वांगी-टोमॅटोचा भाऊ. वांग्याच्या शेजारी कोणी मॉर्निंग ग्लोरी लावून दोघांना एकच वागणूक देणार नाही. इथे ती सर्रास दिली जाते.

बटाट्याचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थोडक्यात. घाटावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लागवड, दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, काप सुकल्यावरच मातीत, तीन महिन्यांनी पाला पिवळा पडला की काढणी. त्याला रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर राहिलं तर झाड वाढतं, पण पोसत नाही. मुंबईत किंवा कोकण किनारपट्टीवर बाल्कनीत बटाटा लावून गोटीएवढे निघाले, तर त्यात दोष तुमच्या हाताचा नाही, हवेचा आहे. तिथे मी बटाटा लावूच नका म्हणते. रताळं लावा, त्याला तीच ऊब हवी असते.

आता खरा फरक. त्यासाठी दोन्ही हातात घेऊन खिडकीपाशी या.

बटाट्याचा डोळा नीट बघा. खळगीच्या कडेला भुवईसारखी एक बारीक वळलेली रेघ दिसेल. ती पानाची खूण आहे. पान कधीच नीट उगवलं नाही, पण त्याची जागा राहिली, आणि पानाच्या बगलेत जसा अंकुर असतो तसा तो डोळा. बटाटा फिरवत डोळ्यांवरून बोट न्या, ते गोल जिन्यासारखे वर चढत जातात, फांदीवर पानं चढतात तसेच. एका टोकाला देठाचा डाग, दुसऱ्या टोकाला डोळ्यांची दाटी. म्हणजे हातात जे आहे ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे.

रताळ्यावर ती भुवई कुठेच सापडत नाही. उथळ खळग्या असतात, पण त्यांतून दोऱ्यासारखी बारीक मुळं निघालेली असतात. ताजं कापलं की पांढरा चीक येतो, बोटांना चिकटतो आणि थोड्या वेळाने काळा पडतो. हे मूळ आहे, साठा करून जाड झालेलं मूळ.

एक खोड आणि दुसरं मूळ, हे ऐकायला शाळेच्या पुस्तकातलं वाटतं, पण लागवडीतली प्रत्येक गोष्ट त्यावरच ठरते.

बटाट्याचा तुकडा पुरणं म्हणजे फांदीची कलम लावणं. डोळ्यातून कोंब येतो, त्याच्या जमिनीखालच्या भागातून आडव्या बारीक फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. हे सगळं पुरलेल्या तुकड्याच्या वर घडतं. म्हणूनच भर द्यायची. खोड जितकं मातीत जाईल तितकी या फांद्यांना जागा, आणि वाढणारे बटाटे उन्हापासून झाकलेले राहतात. ऊन लागलं की ते हिरवे होतात, हिरव्या भागात सोलॅनिन वाढतं, आणि असा बटाटा खायचा नसतो.

रताळ्याचा तुकडा पुरला तर त्यालाही कोंब येतात, त्यामुळे आपण फसतो. पण पुरलेलं रताळं मुळातच साठ्याचं मूळ आहे. बरेचदा तेच आणखी फुगतं, चिरतं, आत दोरे धरतं. मी पहिल्या वर्षी असंच केलं होतं. उकरल्यावर नारळाएवढा वेडावाकडा गोळा निघाला. शिजवला तर चोथाच चोथा. आजूबाजूला पेन्सिलीएवढ्या दहा-बारा मुळ्या.

रताळ्याचं बेणं म्हणजे वेल. शेंड्याकडचा, वीत-सव्वा वीत लांबीचा, चार-पाच पेरांचा तुकडा घ्यायचा, खालची पानं काढायची आणि दोन-तीन पेरं मातीत आडवी किंवा तिरपी दाबायची. त्या पेरांतून जी नवी मुळं सुटतात त्यांतलीच काही पुढे रताळी होतात. माझी आजी पन्हाळ्याच्या बाजूची. विहिरीच्या पाटाकडेला ती वर्षभर रताळ्याच्या वेलाचा एक वाफा राखायची. घरातली रताळी संपलेली चालत, वाफा सुकलेला तिला चालत नसे. उन्हाळ्यात स्वतःच्या प्यायच्या पाण्याआधी तिकडे कळशी जायची.

शहरात वेल कुठून आणायचा? बाजारातलं एक निरोगी रताळं ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये अर्धं आडवं दाबून उबदार जागी ठेवा. तीन-चार आठवड्यांत कोंब येतात. ते वीतभर झाले की रताळ्यापासून अलगद सोडवून लावा. रताळं तिथेच राहू द्या, त्याचं काम संपलं. एवढी एक पायरी लोक गाळतात आणि चार महिने वाया घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पेरांतून फुटलेल्या मुळांपैकी कोणतं फुगणार आणि कोणतं दोऱ्यासारखं राहणार, हे पहिल्या महिना-दीड महिन्यातच बरंचसं ठरतं. त्या काळात माती घट्ट असेल, पाणी साचत असेल किंवा नत्र फार असेल तर मुळं साठा करायचं सोडून देतात आणि सगळी ताकद पानांत जाते. फोटोतल्या त्या हिरव्यागार वेलाचं कारण हेच. कुंडीत शेणखत पाचवा हिस्सा पुरे, बाकी पोयटा आणि वाळू किंवा भाताचा तूस. वर मूठभर लाकडाची राख, पालाश मिळतं. युरिया किंवा शेंगदाणा पेंडीचं पाणी अजिबात नको. कुंडी दीड फूट रुंद, एक फूट खोल, तीत दोन वेल. तीन लावायचा मोह होतो, लावू नका.

आणि भर? रताळी पुरलेल्या पेरांपाशीच धरतात. वर मातीचा ढीग केल्याने ती वाढत नाहीत. शेतात भर देतात ती मुख्यतः वरंब्याच्या भेगा बुजवायला, कारण त्या भेगांतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि रताळं कडू करून टाकतो. कुंडीतही भेग दिसली की माती लोटा, तेवढंच. वेल जमिनीवर पसरला तर पेरापेराला मुळं धरतो, तो अधूनमधून हलकेच उचलून ठेवा. गॅलरीत लोंबता असेल तर तेही करावं लागत नाही.

बाकीचे फरक पटापट. रताळ्याला साडेतीन ते चार महिने लागतात. महाशिवरात्रीला घरचं हवं असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेल मातीत गेलेला हवा. रताळ्याच्या कोवळ्या शेंड्यांची लसूण घालून छान भाजी होते. बटाट्याचा पाला विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. घरचं बेणं करायचं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अश्विनी ही जात माझ्या पसंतीची. हिंदी किंवा गुजराती व्हिडिओ बघून लावणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांचं "रतालू" म्हणजे उंधियोतलं जांभळं कोनफळ, आपलं रताळं ते "शकरकंद" किंवा "शक्करिया". अमेरिकेतल्या दुकानात "यॅम" म्हणून विकतात ते नारिंगी बहुतेक वेळा रताळंच असतं, तिथल्या नातेवाइकांनी खुशाल वेल करावेत.

काढणीनंतर पुन्हा एकदा बटाट्याची सवय आड येते. बटाटा गार, अंधाऱ्या जागी टिकतो. रताळं काढल्यावर न धुता, सावलीत, उबदार आणि थोड्या दमट जागी पाच-सात दिवस पसरून ठेवायचं. खरचटलेली साल भरून येते आणि गोडी वाढते. फ्रिजमध्ये मात्र कधीही नको, गारठ्याने त्याचा गाभा असा निबर होतो की कितीही शिजवलं तरी मऊ पडत नाही. माझी रताळी ओट्याखालच्या टोपलीत, गोणपाटावर असतात. काढल्या दिवशी भाजून पाहिलं तर पिठूळ लागतं. तीन आठवड्यांनी त्याच टोपलीतलं काढून निखाऱ्यात टाकलं की सालीच्या चिरेतून पाक बाहेर येऊन कडेला काळा जळतो.