विनंती अर्ज आणि शिष्यवृत्तीचा निबंध

‘माझ्या घरची परिस्थिती बेताची असून...’ हे वाक्य मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या बोटांत बसलेलं असतं. फी माफीसाठी लिहिलेलं असतं, वसतिगृहासाठी लिहिलेलं असतं. मग कधीतरी परदेशातल्या मेरिट स्कॉलरशिपच्या फॉर्मवर ‘स्वतःविषयी लिहा’ असं समोर येतं आणि तेच वाक्य इंग्रजी कोट चढवून पहिल्या ओळीत येऊन बसतं. ओळखीतली मुलं मला असे मसुदे वाचायला पाठवतात. त्यांतले बरेचसे निबंध नसतातच, ते विनंती अर्ज असतात.

यात मुलांचा फारसा दोष नाही. आपल्याकडच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांत स्वतःबद्दल लिहायची वेळच येत नाही. शाळेतली स्कॉलरशिप परीक्षा म्हणजे पेपर आणि गुणवत्ता यादी. केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती म्हणजे आठवीत परीक्षा, पालकांच्या साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका अपलोड केल्या की काम झालं. सगळीकडे कागदच बोलतात. विद्यार्थ्याला तोंड उघडावं लागतं ते फक्त विनंती अर्जात, त्यामुळे स्वतःविषयी लिहायची तेवढी एकच तऱ्हा त्याला ठाऊक असते.

त्यात भाषेनंही घोळ घातलाय. ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ असं आपण एका दमात म्हणतो. गरिबी ही घराची अवस्था आणि होतकरूपणा हा माणसाचा गुण, पण ट्रस्टच्या फलकांवर ही जोडी इतकी वर्षं हातात हात घालून उभी आहे की एक सांगितलं की दुसरं आपोआप कळलं, असं वाटू लागतं.

विनंती अर्जाचा प्रश्न साधा आहे: पैसे का हवेत आणि किती कमी पडतात? वाचणारा माणूस पडताळणी करणार असतो. म्हणून चांगल्या अर्जात आकडे असतात. उत्पन्न किती, घरात शिकणारे किती, फी किती, त्यातली तजवीज किती झाली, कोणते दाखले जोडले. अर्ध्या पानात संपतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि विशेषणांची गरज तर मुळीच नाही. ‘अत्यंत हलाखीची’ या दोन शब्दांपेक्षा तहसीलदारांच्या दाखल्यावरचा आकडा जास्त कामाचा.

निबंधाचा प्रश्न वेगळा: हा माणूस विचार कसा करतो? गुण, प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं फॉर्ममध्ये इतरत्र आलेलीच असतात. निबंधात तीच यादी पुन्हा वाचायला कोणाला आवडेल?

अमेरिकेत तर या दोन गोष्टींची दारंच वेगळी आहेत. बारावीनंतर तिकडे जाणाऱ्यांना बऱ्याच कॉलेजांत गरजेवर आधारित मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा आर्थिक माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात घरचं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं येतं. कॉमन ॲपवरचा, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच भरायच्या ऑनलाइन अर्जावरचा, वैयक्तिक निबंध निराळा, जास्तीत जास्त 650 शब्दांचा. हे 650 शब्द उत्पन्नाच्या वर्णनात घालवले तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि दुसरी सांगायचीच राहते. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीचंही तसंच. तिथं नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमध्ये हाच अभ्यासक्रम का, आणि पुढं काय करणार यांवर लिहायचं असतं. घरच्या हलाखीला त्यात स्वतंत्र प्रश्न नाही.

नुसतं समजावून हे डोक्यात शिरत नाही, म्हणून एकाच मुलीचे दोन मसुदे करून बघू. समजा, ती सांगोल्याची आहे, घरी डाळिंबाची बाग आहे आणि तिला शेतीशास्त्रात पुढं शिकायचंय. पहिला मसुदा असा:

‘मी दुष्काळी भागातील अल्पभूधारक शेतकऱ्याची मुलगी आहे. तेल्या रोगामुळे आमच्या बागेचे अतोनात नुकसान झाले. अशा प्रतिकूल परिस्थितीतही मी जिद्दीने शिक्षण घेतले. लहानपणापासून मला शेतीची आवड आहे.’

सगळं खरं आहे. पण तालुक्यातल्या शेकडो मुली याखाली सही करू शकतील. आता दुसरा:

‘बागेत तेल्या आला तेव्हा मी अकरावीत होते. अण्णा म्हणाले, फवारणी चुकली. शेजारच्या बागेतही तीच फवारणी होती, तिथं फळांवर डाग कमी. मी वहीत दोन्ही बागांच्या नोंदी ठेवू लागले: पावसाचे दिवस, फवारणीची तारीख, डाग पडलेली फळं. दोन हंगामांनी दिसलं की फरक औषधात नव्हता. आम्ही मृग बहार धरत होतो, म्हणजे फळ ऐन पावसात वाढत होतं. त्यांचा हस्त बहार, पावसाळा सरताना धरलेला. माझ्या सांगण्यावरून अण्णांनी अर्ध्या बागेत हस्त धरला. डाग कमी झाले, पण फळ पोसायच्या वेळी विहीर आटली आणि टँकर घ्यावा लागला. माझ्या वहीत पाण्याचा रकानाच नव्हता.’

दुष्काळ इथंही आहे. लहान बाग आहे, टँकरचा खर्च आहे. पण कुणापुढं हात पसरलेला नाही. वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी घरातल्या मोठ्यांचं म्हणणं तपासून बघते, तुलना करते, चुकते, आणि चूक नेमकी कुठं झाली तेही तिला सापडतं. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पुढं काय शिकायचंय हे तिनं अजून सांगितलेलं नाही, तरी ते तिथं दिसतंय.

मग निबंधात हालअपेष्टा लिहायच्याच नाहीत का? लिहाव्यात, पण त्यांनी गोष्टीत काही काम केलं पाहिजे. सायकलवरून रोज दहा किलोमीटर जाणं ही नुसती माहिती झाली. त्या रस्त्यावर काय दिसलं, काय सुचलं, हे आलं तर निबंध.

उलटी चूकही होते, जरा कमी. कॉलेजच्या मदतनिधीसाठी साधा अर्ज मागितलेला असतो आणि मुलगा तिथं बालपणापासूनची कहाणी सुरू करतो. कारकून बिचारा फीचा आकडा शोधत राहतो.

आणखी एक जोडी अशीच घोळात पडते. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या अर्जात वैयक्तिक निवेदन आणि अभ्यासाचं उद्दिष्ट असे दोन लेख वेगवेगळे मागतात. पहिल्यात वही येईल. दुसऱ्यात पाण्याचा तो रकाना कोणत्या विभागात, कोणत्या विषयातून भरून काढायचा ते येईल.

देणाऱ्याची नजर पुढच्या काळावर असते, हे आपल्याला नवीन नाही. 1913 साली बडोदा संस्थाननं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर 10 वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करारही करून घेतला. चीव्हनिंगवाले आजही शिक्षण झाल्यावर 2 वर्षं मायदेशी राहायची अट घालतात. म्हणजे ‘पुढं काय’ हा प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारलेला नसतो. ‘देशाची सेवा करीन’ हे त्याचं उत्तर होत नाही. ‘सांगोल्यात बहार धरायच्या आधी विहिरीचा हिशेब कसा मांडायचा, यावर काम करीन’ हे होतं.

मराठी मुलांची अजून एक अडचण असते, तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ‘मी केलं’ असं लिहिणं आपल्याला मिरवल्यासारखं वाटतं. मग ‘आम्ही’ येतं, ‘गुरुजनांच्या आशीर्वादाने’ येतं, आभारप्रदर्शनात चार ओळी जातात. विनंती अर्जात ही नम्रता शोभते. निबंधात तिच्यामुळे लिहिणाराच दिसेनासा होतो. वही कोणी ठेवली? मी. मग ‘मी’ लिहावं. अण्णांनी अर्धी बाग दिली, तर तेही त्याच साधेपणानं लिहावं. आभार त्यातच मानून झाले. मसुदा आधी मराठीत, घरी बोलतो तसा लिहून काढला तर हे जास्त सोपं जातं. थेट इंग्रजीत बसलं की पाठ केलेली वाक्यं आधी हजर होतात.

आणि परिस्थिती बेताची आहे, ते कुठं सांगायचं? फॉर्मवर कौटुंबिक उत्पन्नाचा रकाना दिलेला असेल, तर तिथं आकडा लिहायचा आणि दाखला जोडायचा.