टीआरपी, प्रोमो आणि आधीच कळलेली गोष्ट

मराठी मालिका नेमाने पाहणाऱ्याला आज दोन गोष्टी आधीच ठाऊक असतात. येत्या आठवड्यात काय घडणार हे वाहिनीचा प्रोमो सांगून मोकळा होतो. गेल्या आठवड्यात मालिका कितव्या क्रमांकावर होती हे गुरुवारी बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे, म्हणजे टीआरपी, आले की बातम्यांतून कळतं. मग चर्चा सुरू होते : आधी कळल्याने मजा गेली का, आणि आकडा घसरला म्हणून गोष्ट बिघडली का? हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण आपल्याकडच्या मालिकांच्या इतिहासात ते एकमेकांत पूर्ण गुंतलेले आहेत.

सुरुवातीला आकड्यांचं काम पत्रं करत. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत आणि देशभरातून पत्रांचे ढीग येत. मालिकांना तेव्हा साधारण तेरा, सव्वीस, बावन्न अशा ठरलेल्या भागांची मंजुरी मिळे. लेखकाला शेवट कुठे आहे हे माहीत असे, आणि त्या हिशेबाने तो कथा बांधे.

हा हिशेब लोकप्रियतेने पहिल्यांदा ठळकपणे मोडला तो ‘रामायण’मध्ये. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालेली ही मालिका बावन्न भागांची होती, ती वाढत वाढत अठ्ठ्याहत्तर भागांवर जाऊन ३१ जुलै १९८८ ला थांबली. रावण मरणार आणि राम अयोध्येला परतणार, हे ठाऊक नसलेला एकही प्रेक्षक देशात नव्हता. तरी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. एवढ्यावरही लोकांचं समाधान झालं नाही. वाल्मीकी आणि लव-कुशांचा भाग दाखवलाच पाहिजे म्हणून जालंधरमध्ये सफाई कामगारांनी संप पुकारला, तो इतर शहरांत पसरला आणि पुढे उत्तरकांडावर वेगळी मालिका झाली. ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावर यावी म्हणून माणसं कामं बंद ठेवून बसली! मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा ती पुन्हा घरोघरी पाहिली गेली. स्पॉयलरने, म्हणजे गोष्ट आधी फुटल्याने, मजा जाते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या इतिहासाकडे आधी पाहायला हवं.

उपग्रह वाहिन्या आल्या आणि पत्रांची जागा मीटरने घेतली. निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र जोडायचं, घरातल्या प्रत्येकाला एक बटण द्यायचं, पाहायला बसताना त्याने ते दाबायचं, अशी ही रीत. ती चालते ती घरं गुप्त राहिली तरच. २००१ मध्ये मुंबईतल्या अशा घरांची यादी फुटली आणि आकड्यांच्या विश्वासार्हतेवर पहिला मोठा वाद उभा राहिला. याच सुमारास, ३ जुलै २००० ला सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये नायक मिहिरचा मृत्यू दाखवण्यात आला. प्रेक्षक खवळले, आणि मिहिर जिवंत परत आला. या घटनेला मी फार महत्त्व देतो. पात्राचं मरणसुद्धा कायमचं नसतं, लोकांनी ठरवलं तर ते मागे फिरवता येतं, हे भारतीय प्रेक्षकाला तिथे समजलं. त्यानंतर मालिकेत कुणी दरीत पडलं की घराघरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली : येईल परत!

मराठीत १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, तिचं पुढे झी मराठी झालं. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ अकरा वर्षांहून जास्त चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढ्या लांबीच्या मालिकेत स्पॉयलरचा अर्थच बदलतो. फोडायला शेवट नसतोच, असतो तो चालू ट्रॅक. लग्न मोडणार का, सत्य कधी उघड होणार, खलनायिकेचा डाव कोण पकडणार. ही उत्सुकता महिनोन्‌महिने ताणायची तर प्रेक्षकाला पुढचं थोडं दाखवत राहावं लागतं. म्हणून प्रोमो आले, भागाच्या शेवटी उद्याची झलक आली, रविवारचे महाएपिसोड आले. आपल्याकडे गोष्ट सगळ्यात जास्त फोडते ती वाहिनी स्वतः, आणि फोडते ती आकड्यासाठी. प्रोमोतला थप्पड मारण्याचा प्रसंग प्रत्यक्ष भागात स्वप्न निघतो तेव्हा प्रेक्षकाला जो राग येतो, तो गोष्ट आधी कळल्याचा नसतो. आपल्याला फसवून टीव्हीसमोर बसवलं, याचा तो राग असतो.

शेवट आधीच माहीत असताना काय होतं, याची मराठीतली माझ्या मते सर्वांत बोलकी उदाहरणं दोन. ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग २०१६ मध्ये आला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात चित्रित झालेली ही रहस्यकथा अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू होते. इथे स्पॉयलर खरोखर घातक होता, कारण सगळा डोलारा ‘हे कोण करतंय’ या एका प्रश्नावर उभा होता. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो आधीच्या काळातला. अण्णा मरणार, हे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला ठाऊक. आणि लोकांनी डोक्यावर घेतला तो हा भाग! माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता महाराष्ट्रभर बोलण्यात आली. काय होणार हा प्रश्न मिटल्यामुळे माणूस इतका वाईट कसा होत जातो, हे पाहायला प्रेक्षक मोकळा झाला होता.

दुसरं उदाहरण ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० ही मालिका चालली. संभाजीराजांचा शेवट मराठी घरातल्या लहान मुलालाही माहीत असतो, आणि तो पाहवणार नाही हेही माहीत असतं. मालिका जसजशी संगमेश्वराकडे सरकू लागली तसतशी लोकांच्या मनातली धास्ती वाढत गेली. ही धास्ती शेवट ठाऊक असल्यामुळेच होती. अज्ञानातून ती आली नसती.

संशोधकांचंही यावर एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने थोड्या अधिकच आवडल्या. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जूडिथ रोझेनबॉम यांना उलट दिसलं, शेवट आधी सांगितल्याने आनंद आणि गुंतणं कमी झालं. दोन्ही प्रयोग लघुकथांचे होते. चार-पाच वर्षं रोज रात्री जेवताना सोबत असणाऱ्या मालिकेला ते जसेच्या तसे लागू करता येतील असं मला वाटत नाही.

आणि आपल्याकडे तर अख्ख्या मालिकेचा स्पॉयलर दुसऱ्या भाषेत उपलब्ध असतो. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमयी’वर बेतलेली, त्याच कथेवर हिंदीत ‘अनुपमा’ आली. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून घेतलेली. मूळ मालिका शोधून पुढचं सगळं जाणून घेणारे प्रेक्षक आहेतच. तरी ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीची गोष्ट डिसेंबर २०१९ पासून जवळपास पाच वर्षं चालली, कारण मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती लोकांना आपल्या ओळखीची वाटली.

मग मजा कशाने जाते? माझं उत्तर : शेवट कळल्याने नाही, शेवट कुणीच ठरवलेला नाही हे कळल्याने. आणि हे कळतं आकड्यांमुळे. २०१५ पासून मोजणीचं काम बार्क करते. देशभरातली पन्नास हजारांहून थोडी अधिक घरं, वाहिनीच्या आवाजात दडवलेली खूण ओळखणारा मीटर. नमुना एवढाच असताना दोन मालिकांमधला दशांशाचा फरक हा निव्वळ योगायोगही असू शकतो. तरी त्या दशांशावर कुणी ‘नंबर वन’ होतं, कुणाची साडेआठची वेळ जाऊन अकराची किंवा दुपारची येते, कुणाच्या कथेत अचानक सात वर्षांचा लीप, म्हणजे काळाची उडी, येतो, तर कुणाला पंधरा दिवसांत गुंडाळलं जातं. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटरच्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी काही वाहिन्यांवर केला. २०२४ मध्ये राज्य सरकारने तो खटला मागे घेतला. पण हा आकडा कुठून येतो, हे त्या काळात सामान्य प्रेक्षकाने पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

ते समजल्यावर पाहणं बदललं. नायिका घर सोडून निघाली की पूर्वी प्रेक्षक तिची काळजी करत, आता अनेक जण म्हणतात, टीआरपी पडलाय वाटतं. चांगली चालणारी कथा पाणी घालून वाढवली जाते आणि नेटकी कथा मध्येच तोडली जाते, हे दोन्ही प्रेक्षकाने पाहिलं आहे. पात्राच्या निर्णयामागे पात्राचं मन न दिसता स्लॉट दिसू लागला, की कितीही उत्तम नट असो, त्या दृश्यात जीव उरत नाही. मराठीतल्या कलाकारांची आणि लेखकांची गुणवत्ता पाहता मला याचं मनापासून वाईट वाटतं. मालिका सुरू करतानाच भागांची संख्या जाहीर करावी, आणि ती पाळावी, एवढी मागणी प्रेक्षकांनी लावून धरायला हरकत नाही. ‘रामायण’सारखे अपवाद सोडले तर दूरदर्शनला ते जमत होतं.

सध्या यात आणखी एक पदर मिसळला आहे. ओटीटीवर पैसे भरणाऱ्यांना कित्येक मालिकांचा आजचा भाग टीव्हीच्या आधीच पाहायला मिळतो. संध्याकाळपर्यंत त्यातले प्रसंग फोनवर फिरलेले असतात. फोनवर पाहणारे हे प्रेक्षक टीआरपीत धरले जात नाहीत. धरले जातात ते मीटर असलेल्या घरात रात्री टीव्ही लावणारे, आणि कथेचं पुढचं वळण अजून त्यांच्याच बटणावर ठरतं.